कासवाने न पाहिलेली चाल

१

सकाळी साडेसहाला हानकौच्या नदीकाठच्या गल्लीत शेन वहिनींच्या गाड्यापुढे पेई मास्तर येऊन उभे राहिले की मागची रांग सुस्कारा सोडायची. गाड्यावर आठ कढया-परातींत आठ जिन्नस असायचे आणि मास्तरांना त्यातला एक निवडायचा असायचा. एवढंच काम. पण चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या माणसाला कुठलंही उत्तर बाकीची तपासल्याशिवाय खरं वाटत नाही.

“मास्तर, काय देऊ?”

“थांबा हं. शेवया काल झाल्या. धिरड्यातला भात परवा झाला. सूप घ्यावं, तर ऊन वाढणार...”

“पुढचा!” शेन वहिनी ओरडायच्या आणि मास्तरांच्या काखेखालून कुणाचा तरी हात वाडगा घेऊन जायचा. हे तीन-चारदा झालं की मास्तर शेवटी शेवयाच घेऊन घरी यायचे. शेवटची कढई म्यानवोची, म्हणजे मध्ये भोक पडलेल्या तांदळाच्या वड्यांची. तिच्याकडे ते बघतसुद्धा नसत. फार तेलकट. बायकोला, माहेरच्या दुआन गुईझनला, ते वडे आवडायचे. लग्न ठरलं तेव्हा मास्तर रोज सकाळी दोन वडे रुमालात बांधून तिच्या कापडाच्या दुकानापर्यंत धावत न्यायचे. रुमालाचे डाग अजून गेले नाहीत असं ती सांगायची, आणि तो रुमालही अजून तिच्याकडे होता.

निवृत्तीनंतर शाळेने मोडीत काढलेला कॉम्प्युटर मास्तरांनी सायकलवर बांधून घरी आणला आणि त्याला बुद्धिबळ शिकवायला घेतलं. आपलं चिनी, पटावरच्या नदीच्या दोन काठांवर रथ-तोफा मांडून खेळतात ते. या गोष्टीला चार वर्षं झाली. प्रोग्रॅमचं नाव ‘कासव’. ते ठेवलं होतं चाईने.

चाई घड्याळं दुरुस्त करायचा. मास्तरांच्या खिडकीच्या बरोबर खाली, चिनाराच्या झाडाखाली त्याचं टेबल. दुपारी चार वाजता तो घड्याळं बाजूला सारून पट मांडायचा. वर खिडकीत मास्तर बसायचे, कासवाची चाल ओरडून सांगायचे, चाई ती पटावर खेळायचा आणि आपली चाल वर ओरडायचा. भोवती आठ-दहा रिकामटेकडे. बघणाऱ्याने बोलू नये असा नियम त्या झाडावर खडूने लिहिलेला होता आणि सगळे त्याला टेकून बोलत असत.

“लाओ पेई!” म्हणजे ‘म्हाताऱ्या पेई’, अशी चाईची हाक यायची. “तुझं कासव जेवायला गेलंय का?”

“विचार करतंय.”

“विचार करतंय? मी दोन घड्याळं उघडून बंद केली इथं!”

चार वर्षांत कासवाने चाईला एकदाही हरवलं नव्हतं. एक दिवस चाईलाच दया आली. तो म्हणाला, “हे बघ, बंद घड्याळ आलं की मी सगळी चाकं तपासत बसत नाही. आधी मळ बघतो. दहातली आठ घड्याळं मळानं बंद पडलेली असतात. मळ काढला, टिकटिक सुरू झाली, की बाकीच्या चाकांकडे बघायचंच कशाला? तुझं कासव तुझ्यासारखंच आहे. आधी काय बघायचं तेच त्याला कळत नाही.”

मास्तरांना राग आला, पण म्हणणं पटलं.

२

त्यांनी कासवाला एक वही दिली. खरी नव्हे, कॉम्प्युटरच्या पोटातली. जी चाल उपयोगी पडेल तिच्यापुढे वहीत गुण मांडायचे. पुढच्या खेपेला जास्त गुणांची चाल आधी बघायची. ती पुरेशी चांगली निघाली तर उरलेल्या तशाच सोडून द्यायच्या, न बघता. स्क्रीनच्या तळाशी त्यांनी एक ओळ येईल असं केलं: पाहिल्या इतक्या, न पाहिलेल्या इतक्या.

डावाच्या सुरुवातीला लाल बाजूला चव्वेचाळीस चाली असतात. पूर्वी ओळ यायची, पाहिल्या ४४, न पाहिलेल्या ०. आता आली, पाहिल्या ५, न पाहिलेल्या ३९. मास्तर खुर्चीतून उठून एकटेच खोलीत दोन फेऱ्या मारून आले.

त्या दुपारी चाई अकरा मिनिटांत हरला. झाडाखाली इतकी शांतता पसरली की टेबलावरची घड्याळं ऐकू यायला लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना आपली चूक सापडली. डाव संपला की वही पुसायला हवी, ती पुसायची ओळच लिहायची राहून गेली होती. जुन्या डावांचे गुण नव्या डावात तसेच साचत होते. शाळेत त्यांनी अशा चुकीला शून्य दिलं असतं. त्यांनी ती चूक सुधारली. कासव लागोपाठ तीन डाव हरलं. मग त्यांनी दार लावून घेतलं, चूक पुन्हा होती तिथे घातली, आणि तिच्यापुढे टीप लिहिली: ‘ही चूक आहे. हात लावू नये.’

कासव पुन्हा जिंकू लागलं. ज्याने कधी असले प्रोग्रॅम लिहिले आहेत त्याला यात काही नवल वाटणार नाही.

गुईझन खिडकीपाशी शिवणाच्या मशीनवर बाळाची दुपटी शिवत होती. मुलगी यान नदीवरच्या यीचांग शहरात दिलेली, तिला या महिन्यात बाळ व्हायचं होतं.

“लाओ पेई, ऐकतोयस ना? शुक्रवारी सकाळची बोट. पोर बालवाडीत जाईपर्यंत मी तिथेच राहणार. तीन वर्षं.”

“हं.”

“यान म्हणते, बाबांनाही आण. मी दोन तिकिटं काढलीत. येणार आहेस का?”

“हं.”

“हं म्हणजे हो, का हं म्हणजे नाही?”

“हं.”

गुईझनच्या दहा बोलण्यांपैकी आठांना ‘हं’ पुरतं, हे मास्तरांना बारा वर्षांपूर्वीच लक्षात आलं होतं. तेव्हापासून दुसरं उत्तर शोधायची वेळ आली नव्हती. तिच्याशिवाय तीन वर्षं काढायची त्यांना अजिबात इच्छा नव्हती, आणि बोटीत बसायचीही तयारी नव्हती. चाईवर सलग दहा डाव होऊ देत, मग बघू, असं त्यांनी ठरवलं. गुईझनने त्यांच्या पाठीकडे थोडा वेळ पाहिलं आणि मशीनचं चाक फिरवलं.

३

सोमवारी सकाळी मास्तर गाड्यावर गेले आणि क्षणात म्हणाले, “शेवया.” रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

वाडगा हातात घेताना त्यांना काहीतरी कमी वाटलं. त्यांनी मोजलं. सात.

“वहिनी, आठवी कढई कुठाय?”

“कुठली आठवी?”

“म्यानवोची. भोकाच्या वड्यांची.”

शेन वहिनींनी झारा कढईच्या काठावर आपटला. “मास्तर, तेवीस वर्षं मी इथं उभी आहे. शेवया, भात, सूप, सगळं केलं. वडा केला नाही. आणि केलाच तर त्याला भोक कशाला पाडीन? लोक म्हणतील, मधलं मीच खाल्लं.”

रांग हसली. मास्तरही हसले. शेन वहिनी थट्टेखोर, सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. पण जिथे ती कढई असायची तिथल्या चुलीला भोक नव्हतं. सपाट पत्रा होता आणि त्यावर तेवीस वर्षांची काजळी होती.

घरी येऊन त्यांनी कासव सुरू केलं. पाहिल्या १, न पाहिलेल्या ४२.

एक अधिक बेचाळीस म्हणजे त्रेचाळीस. मास्तरांनी बोटांवर मोजलं, मग कागदावर मांडलं. चव्वेचाळीसच हव्यात. जगात कुठेही, कुणीही पट मांडला तरी चव्वेचाळीस. त्यांनी सबंध प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला आणि त्यात कुठेही चूक नव्हती. म्हणजे होती, पण तिला हात लावायचा नव्हता.

वय झालं, त्यांनी स्वतःला बजावलं. एकसष्टीला माणूस वड्याची कढई स्वप्नात बघू शकतो. त्या दुपारी कासवाने चाईला नऊ मिनिटांत हरवलं आणि मास्तर सगळं विसरले.

४

मंगळवारी वरच्या मजल्यावरच्या ख्वाई आजोबांनी गुळण्या केल्या नाहीत.

ख्वाई आजोबा पहाटे सहाला गॅलरीत उभे राहून गुळण्या करत आणि त्याचा आवाज जुना ट्रक चढावर सुरू करावा तसा निघे. पूर्वी तो ऐकला की गुईझन अंथरुणातच हसायची, “निघाला बघ ट्रक!” मास्तरांनी कितीतरी वर्षांत त्या आवाजाकडे लक्ष दिलं नव्हतं, पण तो नाही म्हटल्यावर त्यांना सहाला जाग आली. म्हातारा आजारी तर नाही, म्हणून ते वर जायला निघाले. जिना त्यांच्याच, म्हणजे दुसऱ्या मजल्यावर संपत होता. वर छत होतं, छताला ओल आलेली होती, आणि त्या ओलीवर कुणीतरी जुन्या सालचं कॅलेंडर चिकटवलेलं होतं.

ते जिन्यात बसले. मग उठून खाली गेले आणि चाईला विचारलं, “आपल्या इमारतीला मजले किती रे?”

“दोन.”

“ख्वाई आजोबा कुठे राहतात?”

“कोण?” चाईने डोळ्यातली भिंगाची नळी काढली. “लाओ पेई, तू सारखा जिंकतोयस ना, डोक्यात गेलंय ते. जरा नदीवर जाऊन वारा खाऊन ये.”

सल्ला बरा होता. गल्लीला दोन दारं, एक बाजाराकडचं, एक नदीकडचं. नदीकडच्या दाराने मास्तर गेली दहा वर्षं गेले नव्हते. त्याआधी ते आणि गुईझन जेवण झालं की त्याच दाराने काठावर जायचे, एक पंखा दोघांत घेऊन. आता ते तिकडे गेले. दार नव्हतं. भिंत होती, विटा जुन्या, सांध्यांतून शेवाळ, आणि भिंतीला टेकून एक सायकल साखळीने बांधलेली. साखळी गंजलेली होती. मास्तरांनी भिंतीवर हात ठेवला तर ती चांगली गार लागली. पलीकडे बोटीचा भोंगा वाजला.

घरी स्क्रीनवर ओळ होती. पाहिल्या १, न पाहिलेल्या ४०.

खोटं कशाला बोला, मास्तरांना थोडं बरंही वाटत होतं. पहाटे ट्रक नाही. नाश्त्याला घोळ नाही. मन कसं मोकळं, समोर एकच गोष्ट आणि तीच बरोबर. असं त्यांना आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशीचा डाव त्यांनी सहा मिनिटांत मारला. आठ झाले. झाडाखाली बघे किती होते ते त्यांनी पाहिलं नाही.

५

बुधवारी दुपारी त्यांना जाणवलं की घर शांत आहे.

मशीनचा आवाज येत नव्हता. त्यांनी वळून पाहिलं तर खिडकीपाशी मशीन नव्हतं आणि फरशीवर मशीनच्या पायांचे चार डागही नव्हते. खुंटीवर तिचा निळा कोट नव्हता. दात घासायच्या पेल्यात एक ब्रश होता. मास्तरांनी तो पेला हातात घेतला. ‘नेलं असेल,’ ते मोठ्याने म्हणाले, ‘सामान बांधायला घेतलं असेल. शिवणाचं मशीन बोटीतून नेतात लोक. का नाही नेणार?’ पण फरशीवरचे डाग कोण बांधून नेतं?

बाहेर जिन्यापाशी कोळशाच्या शेगडीवर काहीतरी चुरचुरलं. ते धावत गेले. गुईझन होती. पाठमोरी, शेगडीवर वाकलेली, कढईत लसणाची पात टाकत होती. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

“गुईझन.”

ती पात परतत राहिली.

त्यांना तिचा चेहरा बघावासा वाटला. तिच्या गालावर तीळ होता. डाव्या का उजव्या? त्यांना आठवेना. छत्तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला हे आठवू नये, याची त्यांना फार लाज वाटली. बघून घ्यावं म्हणून ते शेगडीला वळसा घालून पलीकडे गेले.

पलीकडूनही ती पाठमोरीच होती.

ती वळली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. बाईमाणूस स्वयंपाक करताना वळतं. ते पुन्हा फिरले. पाठ. तिसऱ्या फेरीला त्यांनी चपळाई केली, एकीकडून जातोय असं दाखवलं आणि दुसरीकडून गेले, तोफेचा हल्ला घोड्याने झाकतात तसे. पायरीवर बसलेलं मांजर त्यांच्याकडे टक लावून बघत होतं. एक म्हातारा मास्तर शेगडीभोवती पकडापकडी खेळतोय, आणि कढईतली पात कुणी न हलवता करपायला लागलेली.

त्या वेळी क्षणभर त्यांना तिच्या गालाची कड दिसली. केसांची बट, कान, कानातली चांदीची बाळी, आणि तिथून पुढे जे होतं ते भयंकर काही नव्हतं. जखम नव्हती, भोक नव्हतं. नुसतं पुढे काही लिहिलेलं नव्हतं. कोऱ्या वहीचं पान असतं, तसं.

मास्तर आत आले, दाराला पाठ लावून उभे राहिले आणि जोरात रडले. मग स्क्रीनकडे पाहिलं. पाहिल्या १, न पाहिलेल्या ३९. त्यांच्या डोळ्यांदेखत नवाचा आकडा लुकलुकला आणि आठ होऊ बघत होता.

६

गुरुवारचा डाव हा दहावा. नववा त्यांनी बुधवारीच सकाळी घाईने उरकून घेतला होता. आज जिंकलं की चाई भर गल्लीत कासवाला वाकून नमस्कार करणार, असं ठरलेलं. झाडाखाली बाकं मांडली गेली होती.

मास्तरांनी तीन वाजता प्रोग्रॅम उघडला. ‘ही चूक आहे. हात लावू नये.’ त्या टिपेकडे ते बराच वेळ बघत बसले. चार वर्षं हरल्यावर मिळालेले नऊ डाव होते ते. मग त्यांनी टीप पुसली, वही पुसायची ओळ लिहिली, आणि साचलेली सगळी वही कोरी केली.

वरून ट्रक सुरू झाला. दुपारी तीन वाजता ख्वाई आजोबा गुळण्या करत होते, तीन दिवसांच्या राहिलेल्या एकदम कराव्यात तशा. मास्तर खिडकीतून वाकले. गल्लीच्या टोकाला नदीकडचं दार उघडं होतं, एक पोऱ्या त्यातून पतंग ओढत येत होता. आणि मागे, खोलीत, मशीन खडखडलं.

ते वळले. गुईझन दुपट्याची शेवटची शिवण घालत होती. तीळ डाव्या गालावर होता! डाव्या! मास्तरांना अतोनात आनंद झाला. आधी डाव संपवू, मग तिला सगळं सांगू, उद्या बरोबर जाऊ, असं ठरवून ते खुर्चीत बसले. चार वाजून गेले होते.

कासवाला आता कशाचीच आठवण नव्हती. ते एकेक चाल शोधत बसलं. दहा मिनिटं. वीस. खालून आरोळी आली नाही. चाळीस मिनिटांनी ओळ उमटली. पाहिल्या ४४, न पाहिलेल्या १.

मास्तरांनी चष्मा पुसला. चव्वेचाळीसमधल्या सगळ्या चव्वेचाळीस बघितल्या, मग ही एक कोण?

“तोफ मध्ये!” त्यांनी खिडकीतून हाक दिली.

चाईने तोफ हलवली नाही. तो वर बघत होता.

“चाई! बहिरा झालास का? तोफ मध्ये!”

“मास्तर घरी दिसत नाहीत,” चाई बघ्यांना म्हणाला. त्याची नजर खिडकीच्या चौकटीवरून फिरली, मास्तरांच्या नाकावरून, चष्म्यावरून गेली आणि वरच्या वाळत घातलेल्या विजारीवर थांबली. “खिडकी तर उघडी आहे. घाबरला, दुसरं काय. चला, मांडा दुसरा डाव.”

“अरे मी इथं आहे!” मास्तर ओरडले. थट्टा चालली आहे, हे त्यांना कळत होतं. नऊ डाव हरलेला माणूस एवढं करणारच. ते खिडकी धाडकन लावून आत वळले. “बघितलंस ना, गुईझन, कसा डाव साधतो हा?”

गुईझन दुपट्याची घडी घालत होती. तिने बंद खिडकीकडे पाहिलं, वारा सुटला असेल म्हणून कडी घालायला उठली, आणि मास्तर तिच्या वाटेतून वेळेवर सरकले म्हणून धक्का बसला नाही.

ते रात्रभर तिच्याशी बोलले. तिची झोप मोडली नाही.

७

शुक्रवारी त्यांना उशिरा जाग आली. मशीन झाकून ठेवलेलं, निळा कोट खुंटीवर नाही, पेल्यात एकच ब्रश. या वेळी सगळं जसं असायला हवं तसंच होतं. ती निघून गेली होती.

मास्तर गाड्यावरून धावतच निघाले होते, पण आठवी कढई तळत होती आणि त्यांचे पाय थांबले. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा काय हवं ते आधीच माहीत होतं.

“वहिनी, दोन म्यानवो! पटकन!”

“पुढचा!” शेन वहिनी म्हणाल्या. ओरडून नव्हे, वैतागून नव्हे. मास्तर जिथे उभे होते तिथे त्यांना रांगेत फट दिसत होती. मागचा माणूस पुढे सरकला, वहिनी त्याला वडे बांधून देताना म्हणाल्या, “मघाशी कापड दुकानातली दुआनबाई येऊन गेली. दोन नेले. मी म्हटलं, दुसरा कुणाला गं? तर उभी राहिली विचार करत. रांग खोळंबली. शेवटी म्हणाली, आठवत नाही, पण दोन द्या.”

मास्तर नदीकडच्या दाराने पळत सुटले.

धक्क्यावर गर्दी होती. गाठोडी, कोंबड्या, पाण्याचे थर्मास. ते ओळीत कुठेही घुसले तरी कुणी शिवी दिली नाही, आणि फाटकावरच्या माणसाने त्यांच्याकडे तिकीट मागितलं नाही. हानकौच्या धक्क्यावर शिव्या न खाता पुढे जाता येतं, याचीच त्यांना सगळ्यात जास्त भीती वाटली.

गुईझन फाटकात उभी होती, हातात दोन तिकिटं.

“दुसरं माणूस कुठाय?” फाटकवाल्याने विचारलं.

“दुसरं?” तिने मागे वळून पाहिलं. मास्तरांनी दोन्ही हात हलवले, उड्या मारल्या. तिने गर्दी पाहिली, कोंबड्या पाहिल्या, थर्मास पाहिले. घरातली शेगडी विझवली का, हे आठवणाऱ्या बाईचा चेहरा असतो तसा तिचा झाला होता. “मी एकटीच असेन,” ती म्हणाली. “आहेच एकटी.”

त्या एका न पाहिलेल्या चालीचा उलगडा मास्तरांना तिथे, फाटकात, झाला. बारा वर्षं तिने किती वेळा असं वळून पाहिलं असेल, आणि तिथे एक पाठ आणि एक ‘हं’. तेसुद्धा ती किती दिवस बघणार? न पाहिलेलं ते एक म्हणजे आता ते स्वतःच होते.

ती डेकवरच्या बाकावर बसली. जुना डाग पडलेला रुमाल मांडीवर सोडला. एक वडा हातात घेतला आणि दुसरा शेजारच्या रिकाम्या जागेवर, कागद पसरून ठेवला. आपण हे का केलं ते तिला कळलं नसावं. ती त्या वड्याकडे बघत राहिली. एक धिप्पाड माणूस पिशवी घेऊन त्या जागेकडे येऊ लागला तेव्हा मास्तरांनी झेप घेतली आणि वडा उचलून तिथे बसले. तो माणूस क्षणभर घुटमळला आणि पुढे गेला.

भोंगा वाजला. धक्का मागे सरकला.

मास्तर बोलायला लागले. काय आधी सांगावं, काय नंतर, याचा त्यांनी विचारच केला नाही. यानच्या बाळाचं नाव, रुमाल, शेन वहिनींची कढई, शेगडीभोवतीच्या तीन फेऱ्या, १९७१ साली तिने केस कापले तेव्हा आवडले होते पण सांगायचं राहून गेलं ते, चाई, कासव, डावा गाल. मध्येच आठवलं म्हणून ख्वाई आजोबांचा ट्रक काढून दाखवला. दोन कोंबड्या बिथरल्या. गुईझन पाण्याकडे बघत वडा खात होती. मास्तरांचा घसा सुकला, पण ते थांबले नाहीत. पूल आला, पूल गेला. शहर मागे पडलं.

हानयांगची शेवटची चिमणी दिसेनाशी झाली तेव्हा ते म्हणत होते, “आणि गुईझन, मी येतोय. तू विचारलं होतंस ना, त्याचं उत्तर हो आहे. मी येतोय तुझ्याबरोबर. ऐकतेयस ना?”

तिने बोटांचं तेल रुमालाला पुसलं. पाण्यावरची नजर न काढता ती म्हणाली,

“हं.”